जोडपदवीचा आराखडा: अर्थशास्त्र आणि तत्त्वज्ञान

दोन वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाला स्वायत्तता मिळाली आणि नवे अभ्यासक्रम सुचवण्यासाठी समित्या नेमल्या गेल्या. अर्थशास्त्र आणि तत्त्वज्ञान या दोन विषयांची मिळून एक पदवी असावी, ही सूचना माझी. त्यामुळे आराखड्याचं काम माझ्याच गळ्यात पडलं. समितीत आम्ही चौघं होतो. अर्थशास्त्राचे दोघं, गणिताच्या एक मॅडम आणि तत्त्वज्ञानाचे एक सर, जे गेली नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत आहेत. तत्त्वज्ञानाचे शेवटचे पूर्णवेळ प्राध्यापक निवृत्त झाले, तेव्हापासून ती जागा रिकामीच आहे.

पहिल्याच बैठकीत प्राचार्यांनी विचारलं, "सर, हे दोन विषय एकत्र कशासाठी? बँकेत बसणाऱ्या मुलाला प्लेटो काय कामाचा?" प्रश्न खोचक नव्हता. प्रवेशाच्या वेळी पालक त्यांना हेच विचारणार होते. त्या दिवशी मला धड उत्तर देता आलं नाही. ते आधी इथे देतो आणि मग आराखडा कसा ठरत गेला ते सांगतो.

माझं उत्तर एका धरणापाशी सुरू होतं. आईचं माहेर सह्याद्रीतल्या एका मोठ्या धरणाच्या पाण्याखाली गेलं. आजोबांना जमिनीचे पैसे मिळाले, तेही हप्त्याहप्त्याने. बदली जमीन मिळाली ती परजिल्ह्यात आणि मुरमाड. गावातल्या सुताराच्या, परटाच्या, मोलमजुरी करणाऱ्यांच्या नावावर जमीनच नव्हती, त्यामुळे यादीत त्यांचं नावही नव्हतं. हे सगळं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. बी.ए.ला अर्थशास्त्र स्पेशल घेतलं आणि तिसऱ्या वर्षाला कल्याणाच्या अर्थशास्त्रात कॅल्डॉर-हिक्स निकष शिकायला आला. निकोलस कॅल्डॉर आणि जॉन हिक्स यांनी तो १९३९ साली मांडला. एखाद्या बदलाने काहींचा फायदा होतो आणि काहींचं नुकसान. फायदा झालेले लोक नुकसान झालेल्यांना पूर्ण भरपाई देऊनही फायद्यात राहू शकत असतील, तर तो बदल समाजाच्या दृष्टीने सुधारणा मानावा, असा तो निकष. यात सगळं वजन 'शकत असतील' या दोन शब्दांवर आहे. भरपाई प्रत्यक्षात दिली गेली पाहिजे, अशी अट त्यात नाही.

मी हात वर करून विचारलं, "पण सर, दिलीच नाही तर?" सर म्हणाले, "तो राजकारणाचा प्रश्न झाला, आपल्या पेपरात नाही," आणि फळ्यावरची पुढची आकृती काढायला वळले. ते उत्तम शिक्षक होते आणि पेपरापुरतं त्यांचं म्हणणं बरोबरच होतं.

त्याच वर्षी शेजारच्या वर्गात तत्त्वज्ञानाला सहा विद्यार्थी होते. मी तिथे मागच्या बाकावर जाऊन बसायला लागलो. तिथे बेंथम आणि मिल चालू होते. सगळ्यांच्या सुखाची बेरीज करून निर्णय घ्यावा म्हणणारे हे लोक, आणि त्यांच्यावरचा आक्षेप असा की, माझ्या आजच्या त्रासाची भरपाई माझ्याच उद्याच्या सुखाने होऊ शकते, पण एका माणसाचा तोटा दुसऱ्याच्या फायद्याने भरून निघत नाही. माझा प्रश्न इथे पेपरातच होता! मात्र धरणाचा खर्च-लाभ मोजतात कसा, चाळीस वर्षांनंतरच्या विजेची किंमत आजच्या रुपयांत कशी आणतात, हे त्या वर्गात कुणाला विचारायची सोय नव्हती. प्रश्न एकच होता, पण त्याची एक बाजू एका खोलीत आणि दुसरी बाजू दुसऱ्या. मधल्या भिंतीचा त्रास मला अजून होतो, म्हणून ही पदवी.

ही भिंत फार जुनी नाही. अ‍ॅडम स्मिथ ग्लासगो विद्यापीठात १७५२ ते १७६४ या काळात नीतिशास्त्राचे प्राध्यापक होते. नैतिक भावनांवरचा त्यांचा ग्रंथ १७५९ सालचा, 'वेल्थ ऑफ नेशन्स' १७७६ सालचा. केंब्रिजमध्ये अर्थशास्त्र शिकायचं तर 'मॉरल सायन्सेस' नावाच्या परीक्षेतून किंवा इतिहासातून शिकावं लागे. आल्फ्रेड मार्शल यांनी बरीच वर्षं झगडून १९०३ साली अर्थशास्त्राची स्वतंत्र परीक्षा सुरू करून घेतली. त्यांची तक्रार वाचताना मला हसू आलं, कारण ती आमच्या बैठकांमधल्या तक्रारीसारखीच होती. अर्थशास्त्राला योग्य असलेली मुलं अध्यात्मचर्चेच्या धास्तीने इकडे फिरकत नाहीत आणि जी येतात त्यांना अर्थशास्त्रासाठी पुरेसा वेळ उरत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे फारकतीचं एक कारण वेळापत्रक हेही होतं. पुढे १९२० साली ऑक्सफर्डने तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र यांची एकत्र पदवी काढली. पहिल्या वर्षी तिन्ही विषय, नंतर हवं तर एक सोडून द्यायचा. आज जगात जिथे जिथे अशा जोडपदव्या दिसतात, त्यातल्या बऱ्याच याच घराण्यातल्या आहेत.

आपल्याकडेही ही सांगड नवी नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं. इंग्लंडमध्ये गृहीत धरलेले नियम सर्व देशांना आणि सर्व काळांना लागू होतात का, असा त्यातला प्रश्न होता. तो आकडेवारीने सुटणारा नव्हता. शास्त्रीय नियम म्हणजे काय, इथपर्यंत तो जातो. डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात सेलिग्मन यांच्याकडे अर्थशास्त्र शिकले आणि जॉन ड्यूई यांच्या तत्त्वज्ञानाच्या तासांना बसले. १९१८ साली भारतीय अर्थशास्त्र परिषदेच्या नियतकालिकात त्यांचे दोन लेख आले. एक शेतीच्या लहान तुकड्यांवर आणि दुसरा बर्ट्रांड रसेल यांच्या पुस्तकाचं परीक्षण. तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. मी आराखड्यात हे दोन्ही लेख पहिल्याच सत्रात वाचायला ठेवले. एकाच लेखकाने एकाच वर्षी एकाच नियतकालिकात लिहिलेले हे लेख शेजारी ठेवून वाचले की, दोन विषय जोडायचे म्हणजे नेमकं काय करायचं हे मुलांना माझ्या भाषणाशिवाय कळेल.

आता हिशेब. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दिलेल्या चौकटीत तीन वर्षांच्या पदवीला १२० श्रेयांक आहेत. एक श्रेयांक म्हणजे पंधरा तासांचं अध्यापन. मेजर विषयाला किमान ६० श्रेयांक आणि मायनरला २४. 'डबल मेजर' हवं तर दुसऱ्या विषयाचे एकूण श्रेयांकांच्या ४० टक्के, म्हणजे ४८ लागतात. ६० आणि ४८ मिळून झाले १०८. राहिले १२. पण भाषा, कौशल्य, इतर विद्याशाखांचे विषय, मूल्यशिक्षण आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांचेच कमीत कमी ३४ होतात. राज्यात तपशील थोडे वेगळे लावले आहेत, तरी सांगाडा हाच. मी हे गणित फळ्यावर मांडलं तेव्हा गणिताच्या मॅडम म्हणाल्या, "तुमच्याच विषयाच्या पहिल्या धड्यात आहे की हे. साधनं मर्यादित, गरजा अमर्याद."

तेव्हा तीन वर्षांत अर्थशास्त्र मेजर आणि तत्त्वज्ञान मायनर, असं ठरवावं लागलं. मेजरच्या ६० पैकी ८ श्रेयांक दोन्ही विषयांच्या संयुक्त चर्चासत्राला दिले. इतर विद्याशाखांसाठीचे श्रेयांक गणित आणि संख्याशास्त्राला, कौशल्याचे श्रेयांक माहितीचं विश्लेषण आणि युक्तिवादाचं लेखन यांना. चौथं वर्ष करणाऱ्याला तत्त्वज्ञानाची बाजू भरून काढता येईल. प्रमाणपत्रावर 'जोडपदवी' असा शब्द येणार नाही, याची खंत मला होती. तत्त्वज्ञानाच्या सरांना ती नव्हती. त्यांच्या मते नावापेक्षा क्रम महत्त्वाचा, आणि ते बरोबर होतं.

कारण हे दोन विषय शिकण्याच्या रीती वेगळ्या आहेत. अर्थशास्त्र जिन्यासारखं चढावं लागतं. विकलन येत नसेल तर सीमांत उपयोगिता ही नुसती व्याख्या राहते, आणि संभाव्यता येत नसेल तर अर्थमिती म्हणजे सॉफ्टवेअरची बटणं दाबणं. तत्त्वज्ञानात तसं नाही. प्लेटोचा तोच संवाद पहिल्या वर्षी वाचावा आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा वाचावा, तर दोन्ही वेळा काम होतं. म्हणून जिन्याच्या पायऱ्या आधी पक्क्या बसवायच्या आणि तत्त्वज्ञान त्यांच्या भोवतीने न्यायचं, असं आम्ही ठरवलं. फक्त तर्कशास्त्र पहिल्या सत्रात हवंच. आपल्याकडे अकरावी-बारावीच्या कला शाखेत गुण मिळवून देणारा विषय म्हणून बरीच मुलं ते घेतात आणि परीक्षा झाल्यावर विसरतात. पण 'सर्व', 'काही' आणि 'जर-तर' यांच्याशी नीट व्यवहार करण्याची सवय लागली, की अर्थशास्त्रातली सिद्धता वाचणं निम्म्याने सोपं होतं.

सर्वांत मोठं भांडण गणितावरून झालं. आमच्याकडे येणाऱ्या कला शाखेच्या मुलांपैकी बहुतेकांनी गणित दहावीनंतर सोडलेलं असतं. माझे सहकारी म्हणत होते, गणिताची अट घातली तर वर्ग भरणार नाही. मी म्हणत होतो, अट घातली नाही तर वर्ग भरेल आणि पदवी पोकळ होईल. अखेर मॅडमनी तोडगा काढला. प्रवेशाला अट नाही, पण पहिल्या सत्राआधी तीन आठवड्यांचा गणिताचा वर्ग सक्तीचा, आणि पहिल्या वर्षाचं गणित त्या स्वतः शिकवणार, तेही मागणी-पुरवठ्याची उदाहरणं घेऊन. हा लेख वाचणाऱ्या दहावी-अकरावीच्या पालकांना मी एवढंच सांगेन, की मुलाला किंवा मुलीला या वाटेने जायचं असेल तर गणित सोडू देऊ नका. परदेशातल्या आणि आपल्याकडच्याही चांगल्या संस्थांमध्ये अर्थशास्त्राच्या दारात बहुधा गणितच उभं असतं.

संयुक्त चर्चासत्रात काय घ्यायचं यावर मात्र भांडण कमी आणि गप्पा जास्त झाल्या. तो भाग मला सर्वांत आवडलेला, म्हणून जरा रेंगाळतो.

पहिला विषय ठरला दारिद्र्यरेषा. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज २२५० कॅलरी मिळतील एवढा खर्च करू शकणारा माणूस रेषेच्या वर. १९६०-६१च्या किमतींना हा खर्च खेड्यात वर्षाला १८० रुपये आणि शहरात २७० रुपये धरला होता. पुढे सुरेश तेंडुलकर समितीने २००९ साली कॅलरीचा आधार सोडला. तिच्या पद्धतीने २०११-१२ साठी आलेली रेषा महिन्याला खेड्यात ८१६ आणि शहरात १००० रुपये होती. विद्यार्थ्याने आधी हे आकडे कसे काढले ते समजून घ्यायचं, पाहणीची आकडेवारी हाताळायची. मग विचारायचं की कॅलरीच का? ज्याला पोटभर धान्य घेता येईल एवढे पैसे आहेत, पण जो त्यातले काही मुलीच्या शाळेवर खर्चून कमी खातो, तो गरीब की नाही? 'गरज' आणि 'इच्छा' यांत रेघ कोण ओढणार? अमर्त्य सेन यांनी पैशाऐवजी माणूस काय करू शकतो आणि काय होऊ शकतो याकडे पाहायला सांगितलं, ते याच अडचणीतून. मोजणी येत नसलेला विद्यार्थी इथे नुसता हळहळतो. गरजेचा विचार न केलेला विद्यार्थी ८१६ हा आकडा तापमापकावरच्या पाऱ्यासारखा वाचतो.

दुसरा विषय काळाचा. फ्रँक रॅम्से हा केंब्रिजचा गणिती आणि तत्त्वज्ञ १९३० साली वयाच्या अवघ्या २६व्या वर्षी गेला. १९२८ साली त्याने राष्ट्राने किती बचत करावी यावर एक शोधनिबंध लिहिला आणि त्यात म्हटलं, की नंतर मिळणारं सुख केवळ नंतरचं आहे म्हणून कमी मोजणं नैतिकदृष्ट्या समर्थनीय नाही. हा वाद हवामानबदलाच्या चर्चेत पुन्हा पेटला. ब्रिटिश सरकारसाठी निकोलस स्टर्न यांनी २००६ साली केलेल्या अहवालात भविष्यातलं नुकसान फार कमी दराने घटवलं होतं. विल्यम नॉर्डहॉस यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी बाजारातल्या व्याजदराशी जुळणारा दर धरायला हवा होता, असा आक्षेप घेतला. फरक किती पडतो ते मुलांनी स्वतः काढायचं. शंभर वर्षांनी होणारं १०० रुपयांचं नुकसान दरसाल १.४ टक्के दराने आज सुमारे २५ रुपये भरतं. ५ टक्के दराने ते भरतं ७६ पैसे. तेच नुकसान, तेच नातवंडांचे नातू. दर बदलला की समुद्राला बांध घालायचा की नाही याचं उत्तर बदलतं. हा दर अर्धा बाजारातून येतो आणि अर्धा आपण पुढच्यांचं काय देणं लागतो या प्रश्नातून. कोणता अर्धा कुठला, हे वेगळं करता येणं मला या पदवीचं सर्वांत उपयोगी फळ वाटतं.

तिसरा विषय अर्थातच कॅल्डॉर आणि हिक्स. यावेळी त्यामागचं कारणही शिकवायचं. लायोनेल रॉबिन्स यांनी १९३२ साली लिहिलं, की दोन माणसांच्या समाधानाची तुलना विज्ञानाच्या आधारे करता येत नाही. हे मान्य केलं तर अर्थशास्त्रज्ञाला सल्लाच देता येईना. त्या कोंडीतून वाट काढताना 'भरपाई शक्य असणं' पुरेसं मानलं गेलं. म्हणजे माझ्या सरांनी पेपराबाहेर ढकललेला प्रश्न पेपराच्या पायातच होता. विज्ञान कशाला म्हणावं, याबद्दलचं एक विशिष्ट तत्त्वज्ञान त्या आकृतीत बसलेलं होतं आणि ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

कौटिल्य घ्या, असा आग्रह विद्वत्परिषदेतून झाला. नावातच अर्थशास्त्र आहे ना! मुंबई विद्यापीठाने १९६० ते १९६५ या काळात प्रसिद्ध केलेले कंगल्यांचे तीन खंड मी वाचलेले आहेत आणि करआकारणी, वजनमापं, मजुरी यांवरची प्रकरणं फार रोचक आहेत. पण तो मुळात राज्यकारभाराचा ग्रंथ. तो राज्याच्या कर्तव्याच्या चर्चेत वाचायला आम्ही ठेवला. शोभेसाठी पहिल्या पानावर ठेवायला मात्र नकार दिला.

भाषेची अडचण वेगळीच. आमची निम्मी मुलं मराठीतून लिहितात. तत्त्वज्ञानासाठी दे. द. वाडेकरांचा महाकोश आहे, 'परामर्श'चे जुने अंक आहेत. अर्थशास्त्रासाठी मराठी अर्थशास्त्र परिषदेचं 'अर्थसंवाद' आहे. पण दोन्ही विषयांच्या सीमेवरचं लेखन मराठीत थोडं. म्हणून इंग्रजी वाचायचं आणि मराठीत लिहायचं, अशी मुभा ठेवली. मला वाटतं, त्यात मुलांचा फायदाच आहे. 'युटिलिटी'ला उपयोगिता म्हणायचं की समाधान म्हणायचं, हे ठरवताना ती संकल्पना आपोआप तपासली जाते.

मग आला वर्कलोड. एका तासाला दोन शिक्षक वर्गात बसले तर तो तास एकाच्याच खात्यावर पडतो. १९६८-६९ साली हार्वर्डमध्ये सेन, केनेथ अ‍ॅरो आणि जॉन रॉल्स या तिघांनी मिळून एक वर्ग घेतला होता, हा दाखला मी बैठकीत दिला. कार्यालयीन अधीक्षकांनी शांतपणे विचारलं, "तिघांचा पगार कुठल्या हेडमधून होता?" शेवटी कागदावर तास निम्मे-निम्मे वाटले. प्रत्यक्षात दोघंही सगळे तास बसणार आहोत. तासिकेवरच्या सरांच्या बाबतीत याचा अर्थ अर्धे तास फुकट, हे मला ठाऊक आहे. त्यांची जागा भरा, असं टिपण आराखड्याला जोडलं आहे. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर ही पदवी टिकेल की नाही ते माझ्या सगळ्या क्रमवारीपेक्षा त्या टिपणावर अवलंबून आहे.

नोकरीचं काय, हे पालक विचारणारच. पहिली नोकरी अर्थशास्त्रावर आणि आकडेवारी हाताळण्याच्या कौशल्यावर मिळेल, हे मी स्पष्ट सांगतो. तत्त्वज्ञानाचा उपयोग पहिल्या मुलाखतीत दिसेलच असं नाही. स्पर्धा परीक्षेचा निबंध, कायद्याचं शिक्षण, धोरणसंस्थांमधलं काम, पत्रकारिता यांत तो लवकर दिसतो. बँकेतही दिसू शकतो. कर्ज कुणाला नाकारायचं हे ठरवणारं सूत्र समोर आल्यावर, ते सूत्र नेमकं काय मोजतं असं विचारणारा एखादा माणूस प्रत्येक शाखेत असायला हरकत नाही.

आराखडा मार्चमध्ये मंजूर झाला. वीस प्रवेश झाले तर येत्या जूनपासून वर्ग सुरू होईल. शिल्लक राहिली होती ती परीक्षा. नमुना म्हणून मी आणि तत्त्वज्ञानाच्या सरांनी एक प्रश्न काढला. धरणाचा लाभ खर्चापेक्षा जास्त आहे आणि विस्थापितांना भरपाई मिळालेली नाही, तर प्रकल्प योग्य होता का? तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने हौसेने उत्तर लिहून दिलं. तिने निकष बरोबर मांडला होता, पण आकृती काढली नव्हती. आपला लाभ-खर्चाचा हिशेब फक्त सातबाऱ्यावर नाव असलेल्यांचाच आहे आणि बाकीच्यांचं नुकसान शून्य धरलं गेलं आहे, हे मात्र तिने एका परिच्छेदात दाखवलं होतं. मी दहापैकी पाच दिले, आकृती नाही म्हणून. सरांनी साडेआठ. अर्धा तास वाद घातला आणि मी सातवर आलो. सर आठच्या खाली यायला तयार नव्हते. आता नियम असा केला आहे, की दोघांनी वेगवेगळे गुण द्यायचे, दोनपेक्षा जास्त फरक पडला तर समोरासमोर बसायचं आणि आपापली कारणं उत्तरपत्रिकेवर लिहायची, विद्यार्थ्याला वाचता येतील अशा अक्षरात.